लहान प्रकाशक आणि मराठी ग्रंथ

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा एखादा ऐतिहासिक स्वरूपाचा लेख लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आम्हांस आली. राजवंश, लढाया आणि ज्ञातीच्या मूळपुरुषांचा शोध हे विषय या पृष्ठांतून पूर्वी अनेक वेळा येऊन गेले आहेत, व त्यांवर आमच्याहून अधिक अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्यांत आहेत. आमचे आयुष्य खडू, फळा आणि शाळेच्या ग्रंथालयाचे कपाट यांच्या संगतीत गेले. मॅट्रिकच्या पलीकडे आम्हांस शाळा-कॉलेजांनी काही शिकविले नाही. पुढे जे काही कळले ते त्या कपाटाने शिकविले. त्यामुळे ज्या विषयाची आम्हांस थोडीफार ओळख आहे तोच येथे घेतला आहे. तो विषय म्हणजे मराठी ग्रंथांचे प्रकाशक. आणि त्यांतही सरकार, मिशन, संस्थानिक किंवा मोठी कंपनी यांच्या आधारावाचून स्वतःच्या हिमतीवर ग्रंथ काढणारे लहान प्रकाशक.

पुस्तक हाती आले म्हणजे आपण लेखकाचे नाव वाचतो, चित्र पाहतो, किंमत पाहतो. आतील पानावर बारीक अक्षरांत प्रकाशकाचे नाव व पत्ता दिलेला असतो, तिकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. परंतु त्या पत्त्यावर कोणीतरी मनुष्य बसलेला असतो. अनोळखी लेखकाचे हस्तलिखित वाचून, त्यावर आपल्या घरचा पैसा लावावा की नाही, हा निर्णय त्याने एकट्याने घेतलेला असतो. मराठी माणसाच्या विचारात ज्यांनी पालट घडविला असे पुष्कळसे ग्रंथ अशाच एकट्यादुकट्याच्या धाडसातून निर्माण झाले, आणि ते तगले की बुडाले हे आपल्यासारख्या सामान्य कुटुंबांनी प्रत विकत घेतली की नाही यावर अवलंबून राहिले, असे आम्हांस या इतिहासावरून दिसते. तो इतिहास आता संक्षेपाने पाहू.

परक्यांचे छापखाने

आपल्या देशात मुद्रणयंत्र प्रथम आले ते गोव्यात, इ. स. १५५६ मध्ये. ते पोर्तुगीज धर्मगुरूंनी आणले. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापून निघाले, ते रोमन लिपीत. पुढे बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली प्रसिद्ध केला. मुंबईस अमेरिकन मिशनने छापखाना घातला, आणि पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने शाळांसाठी क्रमिक पुस्तके करविण्यास आरंभ केला.

या सर्वांचे ऋण मराठी भाषेवर आहे आणि ते मान्य केले पाहिजे. तथापि यांपैकी प्रत्येकाचा हेतू अगोदर ठरलेला होता. मिशनला धर्मप्रसार करावयाचा होता आणि सरकारला कारकून व शिक्षक हवे होते. त्या हेतूत बसेल तेवढेच छापले जाई. एखाद्या सामान्य मराठी गृहस्थास काय वाचावेसे वाटते, हा प्रश्न त्या छापखान्यांपुढे कधी उभाच राहिला नाही.

गणपत कृष्णाजी व जावजी दादाजी

हा प्रश्न ज्याने प्रथम ओळखला तो मनुष्य विद्वान नव्हता. गणपत कृष्णाजी हे मुंबईचे भंडारी गृहस्थ अमेरिकन मिशनच्या छापखान्यात नोकरीस होते. तेथील शिळाप्रेस पाहून तशी यंत्रे आपण का करू नयेत, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी दगड मिळविले, शाई स्वतः बनवून पाहिली, स्वतःचे यंत्र जुळविले आणि शके १७५३ चे, म्हणजे इ. स. १८३१ चे, पंचांग छापून काढले. मराठीतील हे पहिले छापील पंचांग होय.

पंचांगाची ही निवड किती नेमकी होती पाहा! पंचांग प्रत्येक घराची गरज होती. परंतु ते आजवर जोशीबुवांच्या हस्ताक्षरातून येई, आणि छापील अक्षराविषयी लोकांच्या मनात किंतु होता. छापण्याच्या शाईत प्राण्यांची चरबी असते, मग असे पंचांग देवघरात कसे ठेवावे, हा त्यातला मोठा अडथळा. गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप घातले आणि तो अडथळा दूर केला. त्यांच्या या खटपटींची हकीकत गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात नमूद करून ठेवली आहे. पुढे त्यांनी खिळ्यांचे साचेही स्वतः तयार केले. ग्राहकाची शंका हसण्यावारी न नेता तिचे निरसन करणे, हा या व्यवसायातील पहिला पाठ त्यांनी घालून दिला.

दुसरे नाव जावजी दादाजी चौधरी यांचे. जन्म १८३९ चा, घरची अत्यंत गरिबी. लहान वयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर ते अल्प वेतनावर लागले. खिळे घासता घासता अक्षराची घडण त्यांच्या बोटांत उतरली. १८६४ साली त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली, आणि राणोजी रावजी आरू या कुशल मित्राच्या हाताने देवनागरीचे असे वळणदार ठसे घडविले की त्या अक्षराची कीर्ती हिंदुस्थानभर झाली. १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना सुरू झाला. त्यातून पंचांगे, पोथ्या, संतवाङ्मय निघालेच; शिवाय १८८६ पासून 'काव्यमाला' या मालेतून दुर्मिळ संस्कृत ग्रंथ शुद्ध स्वरूपात छापले गेले. काशीपासून दक्षिणेपर्यंतचे शास्त्री निर्णयसागरची प्रत प्रमाण मानीत. ज्यास संस्कृत शाळेच्या ओट्यावर कोणी बसू दिले नसते, अशा मुलाने पुढे पंडितांच्या हाती शुद्ध पोथी दिली, ही गोष्ट आम्ही वर्गात अनेक वेळा सांगितली आहे. १८९२ साली जावजींचे निधन झाले.

पदरमोड करणारे लेखक

परंतु पंचांग आणि पोथी यांस गिऱ्हाईक असते. ज्या विचारास समाजाचा विरोधच असतो, तो विचार कोणी छापावा?

महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर मिळते. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. मराठी ग्रंथांस पारितोषिक देणारी ती सरकारी व्यवस्था होती. कमिटीने ते स्वीकारले नाही. हे नाटक छापील स्वरूपात लोकांपुढे येण्यास १९७९ साल उजाडले. तेव्हा ते 'पुरोगामी सत्यशोधक' या त्रैमासिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे मध्ये तब्बल एकशे चोवीस वर्षे गेली! आश्रयावर विसंबून राहिल्याने काय होते याचा हा धडा जोतीरावांनी लवकरच ओळखला असावा. 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली त्यांनी स्वतःच पुण्यात छापवून प्रसिद्ध केला. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पूर्ण झाला. त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु' पत्राने छापली, आणि पुढची छापण्याचे धैर्य आपल्याच पक्षाच्या पत्रासही झाले नाही. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' तर जोतीरावांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली, त्यांचे दत्तक चिरंजीव यशवंत यांनी प्रसिद्ध केले. मुलाने पित्याचे ऋण फेडण्याचे अनेक मार्ग शास्त्रांत सांगितले आहेत. पित्याचे पुस्तक छापणे हाही त्यांतलाच एक मानावा.

याच काळातील दुसरे उदाहरण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे. १८८१ साली सुरत येथील विजयालक्ष्मी नामक तरुण विधवेच्या खटल्यावरून वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. त्या संतापातून ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती छापल्या गेल्या. किंमत नऊ आणे. पुस्तकावर अशी टीका झाली की ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिले नाही. जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, परंतु तो एकाकी आवाज होता. पुढे पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी त्याचा शोध घेऊन ते पुनश्च प्रसिद्ध केले, आणि आज स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास लिहिणाऱ्या कोणासही त्या पुस्तकाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पाचशे प्रतींपैकी एखादी कोणाच्या तरी संग्रहात, वाळवीच्या तोंडून वाचून, त्र्याण्णव वर्षे राहिली म्हणून हे घडले. ज्या घरी ती राहिली त्या घराचे आपण उपकार मानावयास हवेत. जुनी पुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी आपल्या भगिनींनी व सूनबाईंनी ही गोष्ट क्षणभर आठवावी, एवढीच विनंती.

वर्गणीदारांचे बळ

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाशनास दुसरा एक आधार सापडला, तो वर्गणीदारांचा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली 'मनोरंजन' मासिक काढले व १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढून मराठी घरांत एक नवा सणच सुरू करून दिला. करंजी-चकलीच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची आपली चाल तेथपासूनची.

या बळाचा सर्वांत मोठा प्रयोग डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केला. अमेरिकेत व इंग्लंडात राहून आलेला हा विद्वान विद्यापीठाच्या किंवा सरकारच्या मदतीची वाट पाहत बसला नाही. कंपनी काढून, तिचे भाग विकून आणि गावोगाव ग्राहक मिळवून त्यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड १९२९ पर्यंत पुरे केले. वकील, मामलेदार, शाळामास्तर, पेढीवाले अशा लोकांनी, जो ग्रंथ अद्याप लिहून झालेला नाही त्यासाठी, पैसे मोडले. आजही एखाद्या जुन्या वाड्यात किंवा नगरवाचनालयात त्या जाडजूड खंडांची रांग दिसते, तेव्हा आम्हांस केतकरांच्या विद्वत्तेबरोबर त्या नाव नसलेल्या ग्राहकांचाही आदर वाटतो.

अर्थात वर्गणीचा दुसरा पैलूही सांगितला पाहिजे. वर्गणी थकविणे हा मराठी माणसाचा जुना रोग आहे. गेल्या दीडशे वर्षांतील कोणतेही मासिक उघडून पाहावे, संपादकांची वर्गणीदारांस कळकळीची विनवणी त्यात सापडतेच. आपली स्मरणिकाही त्यास अपवाद नाही, हे आमचे खजिनदार आनंदाने सांगतील.

दोन धाडसी प्रसिद्धी

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिकेचे नाव छापले होते विभावरी शिरूरकर. सुशिक्षित, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातील गोष्टी त्यात इतक्या मोकळेपणाने आल्या होत्या की एकच गहजब उडाला. ही विभावरी कोण, याचे तर्क चालू झाले. निषेध झाले. हे नाव घेणाऱ्या मालतीबाई बेडेकर होत्या हे पुढे सर्वांस कळले; परंतु त्या वेळी सारा मारा सोसला तो प्रकाशक ह. वि. मोटे यांनी. लेखिकेचे नाव त्यांनी फोडले नाही आणि पुस्तकही मागे घेतले नाही. पुढल्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' ही तिची कादंबरी त्यांनी प्रसिद्ध केली. प्रकाशनाच्या धंद्यात मोट्यांस फारसे धन मिळाले नाही; परंतु आपल्या लेखकाच्या पाठीशी कसे उभे राहावे याचा आदर्श मात्र त्यांनी मागे ठेवला.

दुसरी हकीकत १९३६ सालची, आणि ती ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत वाचून कोणास अवघडल्यासारखे होईल. परंतु इतिहास लिहावयास बसल्यावर सोयीचे तेवढे सांगणे शिक्षकास शोभत नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस दिले. त्यांनी लिहिलेले अध्यक्षीय भाषण आगाऊ वाचून मंडळाचे चालक बिचकले. त्यांनी काही भाग गाळण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी एक शब्दही बदलण्यास नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. भाषण देण्यास सभा उरली नाही, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने पुस्तकरूपाने छापले. इंग्रजीत पंधराशे प्रती. त्या दोन महिन्यांच्या आत संपल्या, आणि लवकरच देशी भाषांतून भाषांतरे निघू लागली. महात्मा गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. मतभेद तर मांडलेच, परंतु आठ आणे किंमत फार झाली, ती दोन आणे, निदान चार आणे करावी, असेही सुचविले. विरोधकानेही ग्रंथ जास्त लोकांनी वाचावा असे म्हणावे, यापरता ग्रंथाचा मान कोणता?

जातिनिर्मूलनाविषयीच्या त्या ग्रंथातील प्रश्न आपल्यासारख्या मंडळांसही सुटलेले नाहीत. त्यांची उत्तरे प्रत्येकाने आपल्या विवेकाने द्यावीत. आम्हांस येथे इतकेच दाखवावयाचे आहे की ज्या भाषणास व्यासपीठ मिळाले नाही त्यास पंधराशे प्रतींच्या पुस्तकाने जगाचे व्यासपीठ मिळवून दिले.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर मराठी प्रकाशन बहरले. मौज, पॉप्युलर, काँटिनेंटल, देशमुख आणि कंपनी, राजहंस या संस्थांची नावे पुस्तकप्रेमी घरांत आप्तांच्या नावांसारखी घेतली जात. या संस्था बहुधा एकेका कुटुंबाच्या किंवा मित्रमंडळाच्या होत्या. १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने भालचंद्र नेमाडे या पंचविशीतल्या तरुणाची 'कोसला' ही पहिलीच कादंबरी काढली. त्या वेळच्या रूढ कादंबरीशी तिचे काहीच जुळत नव्हते. नेमाड्यांस पुढे २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. परंतु १९६३ साली हे भविष्य कोणाच्या कुंडलीत लिहिलेले नव्हते. प्रकाशकाने हस्तलिखितावर भरवसा ठेवला, बस्स.

१९७५ च्या सुमारास दिनकर गांगल व त्यांच्या मित्रांनी 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ उभारली. वाचकांनी आगाऊ पैसे भरून सभासद व्हावे, पुस्तक जवळजवळ उत्पादनखर्चाच्या किमतीत घरपोच घ्यावे, असा तिचा मार्ग. केतकरांचा जुनाच उपाय नव्या रूपात आला. या चळवळीने १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' प्रसिद्ध केले. गावकुसाबाहेरचे आणि पालातले जगणे तोवर मराठी पुस्तकांत आले होते ते बहुधा पाहणाऱ्याच्या नजरेने. येथे जगणारा स्वतः बोलू लागला. ही पुस्तके मध्यमवर्गीय घरांत गेली, कारण सभासदत्वाचे पैसे अगोदरच भरलेले होते. कित्येकांनी ती आपण होऊन दुकानातून उचलली नसती, असे आमचे मत आहे. परंतु घरात आलेले पुस्तक केव्हातरी उघडले जाते, आणि एकदा उघडलेले 'बलुतं' मिटवत नाही.

आजची स्थिती

आज काय आहे? आम्ही निराशेचा सूर लावणारांपैकी नाही. २०१७ साली महाबळेश्वरजवळचे भिलार हे पुस्तकांचे गाव झाले. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. नव्या कथा-कादंबऱ्या आणि वैचारिक ग्रंथ लहान प्रकाशकांकडून सातत्याने येत आहेत. मुंबईच्या शब्द पब्लिकेशनने काढलेल्या दोन कादंबऱ्यांस लागोपाठ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला: २०२२ साली प्रवीण बांदेकर यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' या कादंबरीस आणि २०२३ साली कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला. 'रिंगाण'मध्ये धरणाने उठविलेल्या माणसांची आणि मागे राहिलेल्या म्हशीची कथा आहे. ज्यांचे गाव पाण्याखाली गेले असेल त्यांस ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. २०२४ चा अकादमीचा युवा पुरस्कार देविदास सौदागर या शिवणकाम करून पोट भरणाऱ्या तरुणास 'उसवण' कादंबरीसाठी मिळाला. तयार कपड्यांच्या दुकानांनी गावच्या शिंप्याचा धंदा कसा उसवला, हे त्यात आहे. आपल्या पूर्वजांचे धंदे कसे गेले याविषयी आपण मेळाव्यांतून हळहळतो; तीच हळहळ एका कसबी लेखणीतून वाचून पाहावी.

परंतु या प्रकाशकांचा जमाखर्च बेताचा आहे. पूर्वी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढण्याचा प्रघात होता. आता पाचशे, तीनशे, क्वचित त्याहूनही कमी प्रती छापतात. विक्रेत्याचे कमिशन, लेखकाचे मानधन, कागद, छपाई आणि टपाल यांतून जे उरेल ते प्रकाशकाचे. आणि विक्रेत्याकडची वसुली कित्येकदा वर्षानंतर येते. टपालाचीच गोष्ट घ्या. पुस्तके स्वस्तात पाठविण्याची रजिस्टर्ड बुक पोस्टची जुनी सोय डिसेंबर २०२४ मध्ये एकाएकी बंद झाली, तेव्हा दूरच्या वाचकावर जगणाऱ्या लहान प्रकाशकांचे धाबे दणाणले. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा सुरू झाली, एवढा दिलासा. शिवाय शहरांतील पदपथांवर गाजलेल्या पुस्तकांच्या चोरून छापलेल्या प्रती अर्ध्या किमतीस मिळतात, आणि आपल्यातले सुशिक्षितही त्या कौतुकाने घेतात. त्यातील एक पैसाही लेखकास वा प्रकाशकास पोचत नाही.

शाळांची खरेदीही या प्रकाशकांस तारील असे नाही. आमच्या नोकरीच्या काळात शाळेस पुस्तकांचे गठ्ठे येत. ते कोणी निवडले हे आम्हांस कधी समजले नाही. शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली, केवळ पुरवठ्यासाठी छापलेली ती पुस्तके मुले एकदा चाळून ठेवून देत. नोंदवहीत संख्या भरे. एका वर्षी आम्ही स्वतः पदरचे तीनशे रुपये घालून सहा चांगली पुस्तके त्या कपाटात ठेविली. वर्षअखेरीस त्या सहांचीच पाने सुटली होती. मुलांस वाचावयाचे नसते, ही तक्रार आम्ही तेव्हापासून सोडून दिली.

आपण काय करावे?

लेखाच्या अखेरीस एक हकीकत सांगतो. ती बाबासाहेबांनीच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितली आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा त्यांच्या ज्ञातिबांधवांनी अभिनंदनाची सभा भरविण्याचे ठरविले. वडील सुभेदार रामजी यांनी साफ नकार दिला. मुलाच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा लोकांनी वडिलांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांस मध्ये घातले. वडील राजी झाले, केळुसकरांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली, आणि भाषणाच्या शेवटी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलास भेट दिले. ते चरित्र बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते. म्हणजे राजाश्रयानेही कधी कधी चांगले काम होते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. त्या पुस्तकाने मुलाच्या मनात जे बीज पडले त्याचा वृक्ष १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जगाने पाहिला.

ज्ञातीची सभा, गुणवंत विद्यार्थी आणि भेट दिलेले एक पुस्तक! आपल्या मंडळाचा गुणगौरव समारंभ दरवर्षी होतो. त्यात आपण मुलांस स्टीलचे डबे, भिंतीवरची घड्याळे आणि प्लास्टिकच्या चौकटीतील सन्मानचिन्हे देतो. डबा उपयोगाचा असतो हे खरे. परंतु त्याच पैशात एक चांगले पुस्तक येते, आणि केळुसकरांनी त्या दिवशी डबा दिला असता तर काय झाले असते, याचा विचार कार्यकारी मंडळाने अवश्य करावा.

आमच्या सूचना तीनच आहेत. गुणगौरवात प्रत्येक विद्यार्थ्यास त्याच्या वयास शोभेल असे एक पुस्तक द्यावे, व ते लहान प्रकाशकाकडून थेट मागवावे. प्रत्येक सभासद कुटुंबाने वर्षातून निदान एक नवे मराठी पुस्तक, प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ पैसे भरून घ्यावे. कारण कागद खरेदी करण्याच्या वेळी हाती आलेली रक्कम प्रकाशकास पुढल्या वर्षीच्या दुप्पट रकमेहून मोलाची असते. आणि मंडळाच्या कार्यालयात एक कपाट ठेवून त्यात आपल्या सभासदांनी लिहिलेली, छापलेली, वारसाने आलेली जुनी पुस्तके जतन करावीत. तीनशे कुटुंबांनी एकेक प्रत घेतली तर आजच्या हिशेबाने एका पुस्तकाची संपूर्ण आवृत्ती संपते. इतकी कुटुंबे आपल्या मंडळाच्या यादीत सहज निघतील.

गणपत कृष्णाजींनी तूप घालून शाई केली, ताराबाईंनी नऊ आण्यांचे पुस्तक काढून शिव्या खाल्ल्या, मोट्यांनी लेखिकेचे नाव राखले. त्यांचे काम त्यांनी चोख केले. प्रत विकत घेण्याचे काम वाचकाचे, आणि ते अद्याप आपल्याकडे बाकी आहे. सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नूतन वर्ष सुखाचे आणि वाचनाचे जावो, अशी शुभेच्छा व्यक्त करून हा लेख येथे पुरा करतो.